पुण्याहून स्कुबा आणि स्नॉर्कलिंगला जाताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर गाडी काढायची, रात्रभर चालवत पहाटे मालवण गाठायचं, हॉटेलात भरपेट नाश्ता करायचा, दहाला बोटीत बसायचं, दुपारी सुरमईचं ताट, आणि चारला निघून घाट चढत मध्यरात्री पुण्यात. असा बेत आपल्याकडे सर्रास ठरतो, स्कुबासाठी (पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं) किंवा स्नॉर्कलिंगसाठी (नळीने श्वास घेत, पाण्यावर तरंगत खाली बघणं). यातली एकेक गोष्ट वेगळी पाहिली तर चुकीची नाही, पण क्रम जवळजवळ पूर्ण उलटा आहे. पाण्यातली वीस मिनिटं सुखाची जावीत म्हणून आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचा एक दिवस नीट लावावा लागतो. तो कसा लावायचा, ते पुढे टप्प्याटप्प्याने दिलं आहे.

टप्पा १: तारीख ठरवताना तिथी बघा

बहुतेक जण जोडून आलेली सुट्टी बघतात आणि बुकिंग करून मोकळे होतात. पाणी स्वच्छ मिळणार की गढूळ, हे मात्र सुट्टीवर ठरत नाही.

पावसाळ्यात हे उद्योग बंद असतात. ऑक्टोबरात ते सुरू होतात, पण नद्यांनी आणलेला गाळ पूर्ण बसलेला नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात भरवशाचा काळ. मे महिन्यात गर्दी सर्वांत जास्त असते आणि महिन्याच्या शेवटी समुद्र खवळू लागतो, म्हणून शाळेच्या सुट्टीतच जायचं असेल तर एप्रिल बरा.

आता तिथी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी खूप चढतं, खूप उतरतं, प्रवाह जोरात वाहतात आणि तळाची माती ढवळली जाते. अष्टमी ते एकादशीच्या आसपास भांगाची भरती असते. पाण्याची हालचाल कमी, त्यामुळे नजर लांब पोचते. कोकणातला जुना ढोबळ हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. म्हणजे दशमी-एकादशीला भांगही असतो आणि सकाळी आठच्या सुमारास भरलेलं, शांत पाणीही मिळतं. घरातल्या दिनदर्शिकेवर असे दिवस शोधा आणि त्यांच्याजवळचा शनिवार-रविवार धरा. नेमकी वेळ तिथल्या बोटवाल्याला विचारून पक्की करा, कारण गावागावांत थोडा फरक पडतो.

*तपासा:* मालवणला चांगल्या दिवशीही अंदमानसारखं काचेचं पाणी नसतं. पाच-सात मीटर दिसलं तरी दिवस चांगला. हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

टप्पा २: तब्येतीचा फॉर्म पुण्यात भरा, बोटीवर नाही

किनाऱ्यावर एक कागद समोर येतो: दमा आहे का, फिट येते का, हृदयाचा त्रास आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का. मागे रांग असते, पैसे भरलेले असतात, त्यामुळे लोक सगळीकडे 'नाही' लिहून सही करतात. या संपूर्ण सहलीतली सर्वांत धोकादायक चूक हीच आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

दमा, फिट, हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मधुमेह, कानाच्या पडद्याला छिद्र, जुनाट सायनस, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असेल तर निदान दहा दिवस आधी आपल्या डॉक्टरांना भेटा आणि 'टाकी लावून पाण्याखाली जाणार आहे' असं स्पष्ट सांगा. नुसतं 'मालवणला चाललोय' म्हटलं तर ते 'जा की' म्हणतील. गर्भवतींनी स्कुबा करूच नये. मुलांना समुद्रात टाकी लावण्यासाठी प्रमुख प्रशिक्षण संस्था किमान वय १० वर्षं मानतात. 'आमचा आठ वर्षांचा फार धीट आहे' हा मुद्दा इथे चालत नाही.

पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत घरोघरी सर्दी असते, आणि डायव्हिंगचा हंगामही तोच. नाक चोंदलेलं असेल तर त्या दिवशी स्कुबा रद्द. नाक मोकळं करणारी गोळी किंवा स्प्रे घेऊन उतरणं हा उपाय नव्हे. औषधाचा असर पाण्याखाली ओसरला तर वर येताना कानातली किंवा सायनसमधली हवा अडकते, आणि तेव्हा खाली थांबण्याचा पर्याय उरलेला नसतो.

टप्पा ३: तलावात तीन गोष्टींचा सराव

समुद्रात घाबरणारे लोक माशांना किंवा खोलीला घाबरत नाहीत. ते नाकात शिरलेल्या पाण्याला घाबरतात. ही भीती पुण्यातल्या कुठल्याही पोहण्याच्या तलावात आठवडाभरात घालवता येते. काही तलावांत मास्क किंवा फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) चालत नाहीत, म्हणून आधी विचारा आणि कमी गर्दीची बॅच निवडा. सरावासाठी खडकवासला, पानशेत, मुळशीच्या पाण्यात उतरू नका. तळ अचानक खोल जातो, चिखल असतो, आणि वाचवायला जवळ कोणी नसतं.

सराव याच क्रमाने करा:

१. तोंडाने श्वास. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मास्क आणि स्नॉर्कल लावा, चेहरा पाण्यात घाला आणि तोंडाने सावकाश श्वास घ्या-सोडा. पाच मिनिटं सलग जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

२. मास्कमधलं पाणी काढणं. मास्कची कड किंचित उचलून थोडं पाणी आत घ्या. मग मास्कची वरची कड कपाळावर दाबा, मान थोडी वर करा आणि नाकाने हळू, लांब श्वास सोडा. पाणी खालून निघून जातं. अर्धा मास्क भरून हे जमलं, की भीती निम्म्याने कमी होते.

३. कान मोकळे करणं. खोल बाजूला शिडी धरून हळूहळू खाली जा. नाक चिमटीत धरून नाकातून हलकी हवा ढकला. कानात बारीक 'टक' आवाज आला की झालं. जोर लावायचा नाही. नाक धरून आवंढा गिळूनही अनेकांचे कान सुटतात. तुमचा कान कशाने सुटतो हे पुण्यातच कळलं पाहिजे.

मास्क शक्यतो स्वतःचा घ्या. तो पारखायची रीत सोपी आहे: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हवा आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, त्यामुळे धुकं धरतं. आतून साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने चोळून दोन-तीनदा धुवा. जाड मिशी असेल तर नाकाखालची अरुंद पट्टी कातरून घ्या, तिथूनच पाणी झिरपतं. चष्मा मास्कमध्ये बसत नाही. जास्त नंबर असेल तर नंबरच्या काचांचा मास्क मिळतो.

*सावधान:* पूर्ण चेहरा झाकणारे स्नॉर्कल मास्क ऑनलाइन स्वस्तात मिळतात. ते टाळा. खराब बनावटीच्या मास्कमध्ये सोडलेली हवा पुन्हा श्वासात येऊ शकते, नाक धरता येत नाही म्हणून कान सोडवता येत नाहीत, आणि अडचणीत तोंड पटकन मोकळं करता येत नाही.

टप्पा ४: फोनवर विचारायचे प्रश्न

'किती पैसे?' आणि 'व्हिडिओ मिळणार का?' हे दोन प्रश्न सगळेच विचारतात. तुम्ही हे विचारा:

"दादा, पाण्यात एका माणसामागे एक प्रशिक्षक असतो का?"
"बोटीवर सगळ्यांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का? मुलांच्या मापाचीही?"
"ऑक्सिजनचं किट बोटीवर असतं का?"
"उतरण्याआधी उथळ पाण्यात सराव करून घेता का?"

यातल्या एकाही प्रश्नावर 'काही होत नाही हो, बिनधास्त या' असं उत्तर आलं, तर दुसरा नंबर फिरवा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. तो अपघात डायव्हिंग आटोपल्यावर, किनाऱ्याकडे येताना झाला. म्हणून बोटीत पाय ठेवल्यापासून वाळूवर उतरेपर्यंत जॅकेट अंगावर हवं, फक्त टाकी लावताना निघेल. बोटीत माणसं जास्त वाटली तर बसू नका, सोबतच्या मंडळींनी नाकं मुरडली तरी.

पुढे नियमित डायव्हिंग करायचं असेल तर पर्यटकांच्या 'ट्राय डाइव्ह'ऐवजी (प्रशिक्षकाने धरून नेलेली चवीपुरती बुडी) थेट कोर्स करा. तारकर्लीला एमटीडीसीची 'इसदा' ही प्रशिक्षण संस्था आहे. ओपन वॉटर या पहिल्या पायरीच्या कोर्सला साधारण २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं यावं लागतं, समुद्रात चार डाइव्ह होतात, आणि त्यानंतर १८ मीटरपर्यंत जाण्याची पात्रता मिळते. ट्राय डाइव्हनंतर मिळणारं रंगीत प्रमाणपत्र ही आठवण असते. ते दाखवून दुसरीकडे स्वतंत्रपणे उतरू देत नाहीत.

टप्पा ५: प्रवास आदल्या दिवशी दिवसा

पुणे ते मालवण म्हणजे साधारण आठ-नऊ तास. रात्रभर चाललेल्या गाडीतून उतरून पाण्यात जाऊ नका. झोप नसेल तर बोट लागते, घाबरायला लवकर होतं, सूचना डोक्यात शिरत नाहीत. सकाळी निघा, संध्याकाळी पोचा, साडेनऊला झोपा. त्या रात्री दारू पूर्ण बंद. पाणी मात्र भरपूर प्या, दिवसभराच्या एसीने शरीर सुकलेलं असतं.

बोट लागण्याची सवय असेल तर गोळीबद्दल डॉक्टरांना पुण्यातच विचारा आणि ती एकदा घरी घेऊन बघा. काही गोळ्यांनी चांगलीच गुंगी येते.

टप्पा ६: डाइव्हच्या सकाळी

उतरण्याच्या दोन तास आधी हलकं खा: केळं, दोन इडल्या किंवा थोडे पोहे. उपाशी जाऊ नका आणि घावणे-मटणही नको, ते दुपारी. उन्हापासून वाचायला क्रीमचे थर देण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घाला. स्नॉर्कलिंगमध्ये पाठ आणि पोटऱ्या तासभर उन्हात असतात, आणि पाण्यामुळे भाजल्याचं कळत नाही.

किनाऱ्यावर एखादा जुना माणूस "आज दर्या बरो नाय" म्हणाला तर तिथेच थांबा. दिलेल्या आगाऊ रकमेकडे बघू नका.

हाताच्या खुणा बोटीवर पाठ करा. अंगठा आणि तर्जनीचा गोल म्हणजे सगळं ठीक. अंगठा वर म्हणजे 'वर चला'. इथे घोळ ठरलेला: पाण्याखाली मासे दिसले की लोक खुशीत अंगठा वर करतात, आणि प्रशिक्षक त्यांना वर घेऊन येतो. पंजा आडवा धरून डुलवणं म्हणजे काहीतरी गडबड, आणि त्यानंतर जिथे त्रास आहे तिथे बोट दाखवायचं.

टप्पा ७: आधी स्नॉर्कलिंग

दोन्ही करायचं असेल तर स्नॉर्कलिंग आधी आणि स्कुबा नंतर. चेहरा पाण्यात घालून श्वास घ्यायची सवय समुद्रातच पुन्हा ताजी होते, आणि स्कुबानंतर श्वास रोखून बुड्या मारण्याचा मोह राहत नाही. तशा बुड्या मारू नयेत.

पाण्यात उतरल्यावर लगेच पोहू नका. दोन मिनिटं बोटीचा दोर धरून फक्त श्वास घ्या. मग प्रवाह कुठे वाहतोय ते बघा आणि सुरुवात प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने करा, म्हणजे दमल्यावर पाणीच तुम्हाला बोटीकडे आणेल. देवबागच्या संगमाजवळ नदी आणि समुद्राचे प्रवाह एकत्र येतात, तिथे ओहोटी लागल्यावर कितीही चांगलं पोहणाऱ्याने उतरू नये.

पाय गुडघ्यातून सायकलसारखे मारले जातात, ही सर्रास दिसणारी चूक. मांडीपासून, संथ आणि लांब मारा. स्नॉर्कलमध्ये पाणी आलं तर एक जोरदार फुंकर.

*सावधान:* खोल बुडी मारण्यासाठी आधी भराभर श्वास घेऊ नका. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घेण्याची इच्छा त्यानेच जागी होते. ती इच्छा होण्याआधीच माणूस बेशुद्ध पडू शकतो, आणि उत्तम पोहणारेच असे बुडतात.

मालवणजवळचा २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळावर उभं राहू नका, त्याला धरू नका. शंभर वर्षांची वाढ एका फिनच्या फटक्याने तुटते. मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव किंवा बिस्किटं टाकायची पद्धत पडली आहे. 'आम्हाला नको' असं बोटवाल्याला आधीच सांगा, आवडीने ऐकतात.

टप्पा ८: टाकी लावून खाली जाणं

इथे सगळ्यात सावकाश व्हा, कारण नव्या माणसांना होणारी बहुतेक इजा पहिल्या पाच मीटरमध्ये होते.

कारण साधं आहे. पृष्ठभागावर हवेचा दाब एक 'वातावरण' (दाब मोजायचं माप) असतो. १० मीटरवर तो दोन होतो आणि बंद जागेतली हवा निम्मी आक्रसते. त्यानंतर तेवढाच फरक पडायला आणखी खूप खोल जावं लागतं. म्हणजे कानावर सगळ्यात जास्त ताण उथळ पाण्यातच येतो. त्यामुळे:

१. चेहरा पाण्याखाली गेल्याबरोबर कान एकदा मोकळे करा, काही दुखत नसलं तरी.
२. प्रत्येक हातभर खोलीला पुन्हा करा. दुखल्यावर करायला गेलात तर उशीर झालेला असतो, कान आणि घसा जोडणारी नळी मिटून बसते.
३. कान सुटला नाही तर थांबा, खूण करा, हातभर वर या, पुन्हा प्रयत्न करा. दुखत असताना आणखी खाली जायचंच नाही. दोन-तीनदा करूनही सुटला नाही तर आजचा दिवस तुमचा नाही. वर या.
४. श्वास लांब आणि संथ. श्वास कधीही रोखू नका. टाकीतली दाबाखालची हवा छातीत कोंडून वर आलात, अगदी दोन-तीन मीटरही, तर ती फुगून फुप्फुसाला इजा करते.

पर्यटकांच्या डाइव्हमध्ये प्रशिक्षक मागून धरून असतो आणि कॅमेरावाला समोर. त्या कॅमेऱ्यामुळे लोक हसायला जातात, ओठ सुटतात, तोंडात पाणी येतं. व्हिडिओ वाईट आला तरी चालेल, माउथपीस दातांत घट्ट राहू द्या. पाणी आलंच तर रेग्युलेटरमधूनच (टाकीची हवा तोंडात देणारं उपकरण) खोकता येतं, तो काढायची गरज नसते. मास्कमध्ये पाणी आलं तर तलावात केलं तेच करा.

टप्पा ९: वर येणं

सगळ्यात लहान बुडबुड्यांपेक्षा हळू, मिनिटाला ९ मीटरहून जास्त वेगाने नाही, आणि श्वास चालू. कोर्स केलेल्यांनी ५ मीटरवर तीन मिनिटं थांबावं. वर आल्यावर मास्क कपाळावर ढकलू नका. लाट आली की तो जातो, आणि अनेक ठिकाणी कपाळावरचा मास्क ही संकटाची खूण मानतात. मास्कमध्ये रक्ताचा थेंब-दोन थेंब दिसला तर घाबरू नका, सायनसवर ताण आलेला असतो. दुसरी डाइव्ह मात्र करू नका.

टप्पा १०: घाट दुसऱ्या दिवशी

हा टप्पा पुणेकर हमखास विसरतात. पाण्याखाली दाबाने नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर तासन्‌तास हळूहळू बाहेर पडतो. तो पडण्याआधी उंचीवर गेलो तर हवेचा दाब कमी होऊन बुडबुडे धरू शकतात. विमानासाठीचा नियम असा: एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास थांबावं. हे नियम साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीला धरतात. पुणे स्वतः ५६० मीटरवर आहे आणि आंबोली ६९० मीटरच्या आसपास. फोंडा घ्या, आंबोली घ्या किंवा कोकणातून वर येऊन ताम्हिणी घ्या, पुण्याला पोचायला सह्याद्री चढावाच लागतो.

सहा-सात मीटरवरच्या वीस मिनिटांच्या एकाच डाइव्हनंतर धोका अगदी कमी असतो. पण दिवसात दोन-तीन डाइव्ह केलेल्यांनी त्याच संध्याकाळी घाट चढू नये. सगळ्यांसाठी सोपी आखणी अशी: शनिवारी सकाळी डाइव्ह, शनिवारची रात्र मालवणात, रविवारी सकाळी परत. गोव्याहून विमानाने जाणाऱ्यांनीही हाच हिशोब लावावा.

*तपासा:* पुढच्या २४ तासांत सांधे दुखणं, मुंग्या, अंगावर चट्टे, चक्कर, हातापायात अशक्तपणा किंवा कारण नसलेला प्रचंड थकवा जाणवला तर 'प्रवासाने झालं असेल' म्हणून झोपू नका. १०८ ला फोन करा, ऑक्सिजन मिळवा आणि डॉक्टरांना डाइव्ह केल्याचं आधी सांगा. ते तुम्ही सांगितलं नाही तर त्यांच्या मनातही येणार नाही.

थंड समुद्रात जाणार असाल तर

मुलगा-मुलगी इंग्लंडला, आयर्लंडला किंवा कॅलिफोर्नियाला असते, उन्हाळ्यात आपण जातो, आणि 'मालवणला केलंय की' म्हणून तिथे उतरायला बघतो. मालवणचं पाणी साधारण २६ ते २९ अंश असतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर भर उन्हाळ्यात १५ ते १८, आणि कॅलिफोर्नियात माँटेरेला १० ते १५. तो वेगळाच खेळ आहे.

अशा पाण्यात शिरल्याबरोबर पहिली दोन-तीन मिनिटं श्वास आपोआप धापेसारखा चालतो. म्हणून उडी मारायची नाही. किनाऱ्यावरून चालत जा, चेहऱ्यावर आणि मानेवर पाणी मारा, श्वास शांत होईपर्यंत उथळ पाण्यात उभं राहा, मगच चेहरा आत घाला. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्या आई-बाबांनी किनाऱ्यावरूनच बघावं.

सूट ५ ते ७ मिलिमीटरचा, डोक्यावर हूड, हातमोजे, बूट. पाणी १० अंशांच्या आसपास असेल तर ड्रायसूट (आत पाणी शिरू न देणारा सूट), आणि त्याचं वेगळं प्रशिक्षण. जाड सूट तरंगवतो, त्यामुळे खाली जाण्यासाठी अंगावर बांधायचं शिसं मालवणपेक्षा बरंच जास्त लागतं. किती, ते किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात तपासून ठरवा, अंदाजाने नाही. हूड मास्कच्या कडेखाली अडकला की पाणी झिरपतं, म्हणून कडेने एकदा बोट फिरवा.

कॅलिफोर्नियात केल्प नावाचं समुद्री शेवाळ झाडांच्या उंचीएवढं वाढतं. त्यात पाय अडकला तर झटापट करू नका, गोल फिरू नका. थांबा, सोबत्याला खूण करा, एकेक पान हाताने सोडवा किंवा मोडा.

थंडी वाजायला लागली म्हणजे डाइव्ह संपली. थरथर सुरू झाल्यावर बोटं बकलवर नीट चालत नाहीत, आणि नेमकी तेव्हाच ती लागतात. बाहेर आल्यावर ओला सूट आधी उतरवा, कोरडे कपडे आणि टोपी घाला, मग गोड गरम चहा. कढत पाण्याच्या शॉवरखाली लगेच उभं राहू नका, चक्कर येऊन पडायला होतं.